दुसऱ्याने भरलेली पिशवी

प्रिय दादा,

तुला आणि वहिनींना वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात वाकता येत नाही, डाव्या गुडघ्याला पट्टा आहे. तो कुठून आला ते पुढे येईलच, तूर्त मी वाकले असं धरून चाल.) तुझ्या दाढेचं काय झालं? मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस की एकाच बाजूने जेवावं लागतं, आणि त्याच पत्राच्या खालच्या अर्ध्या भागात भाजलेल्या शेंगदाण्यांची तारीफ होती, तेव्हा दाढ नक्की किती दुखते याबद्दल मला शंका आहे. वहिनींची सर्दी गेली असेल. गेली नसेल तर त्यांना सांग, ओल्या केसांनी गच्चीवर उभं राहून शेजारणीशी गप्पा मारणं हे सर्दीवरचं औषध नाही. मी बरी आहे. लाँड्रीही बरी चालली आहे. हाताखालची बाई काम सोडून गेली, त्यामुळे आता गल्ल्यावर मी, खिसे तपासायला मी, आणि साडीचा रंग गेला म्हणून भांडायला येणाऱ्यांसमोर उभी राहायलाही मीच.

तू विचारलंस, मुलीकडची माणसं कशी आहेत ते एका ओळीत कळव. दादा, ती माणसं एका ओळीत मावणारी नाहीत, म्हणून हे चांगलं चार पानी पत्र लिहायला बसले आहे. तुला ठाऊकच आहे, आमच्या चिरंजीवांनी कानावरचे केस पिकायला लागेपर्यंत कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही (चष्मे बनवणारा माणूस, दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघतो, पण भिंगातून), आणि अखेर पाहिलं ते थेट डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलीकडे. ती जमिनीची मोजणी करते. तिचं काम तिकडे, चढउतारावर; आणि चष्मे काय, कुठेही लागतात. त्यामुळे लग्नानंतर दोघं तिकडेच राहणार हे ठरलं. मी कुठे राहणार हे ठरलं नाही. म्हणजे त्यावर कुणी बोललंच नाही, आणि मी तर मुळीच बोलणार नव्हते. न बोलावता कुणाच्या उंबऱ्यावर जायचं नाही, हा आपल्या आईचा बाणा. तिच्या सगळ्या गुणांपैकी माझ्या वाट्याला तेवढा एकच आला आहे. तेव्हा चिरंजीवांबरोबर मी गेले ती तोंड बंद आणि डोळे उघडे ठेवून. ही माणसं कशी आहेत हे तर बघायचं होतंच, पण त्यांच्या मनात माझं काय करायचं आहे, हेही जमलं तर काढून घ्यायचं होतं.

दार उघडल्याबरोबर समोर काय, तर भिंतभर खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर पाठीवर घ्यायची पिशवी. मला आधी वाटलं, ही माणसं कुठेतरी निघाली आहेत आणि आपण चुकीच्या दिवशी आलो. होणारे व्याही पूल तपासायचे (आता निवृत्त आहेत, पण जिन्याच्या कठड्याला हात लावण्याआधी अजून तो हलवून बघतात). विहीणबाई दवाखान्यात नर्स. त्या घरात सहज म्हणून कुठलाही खण उघडावा, आत मेणबत्ती, काडेपेटी, दोरी किंवा टॉर्च. बाथरूममध्ये खिळ्याला शिट्टी टांगलेली. मी विचारलं, इथे हो कशाला? तर विहीणबाई म्हणाल्या, कधी कधी आतली कडी अडकते. मग कडीच दुरुस्त का करून घेत नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं, पण आपण मुलाकडचे, पहिलाच दिवस, म्हणून गिळलं. तुला माहीत आहे, मी बाहेर पडताना रुमालाखेरीज काही घेत नाही. जन्मभर लोकांचे खिसे रिकामे करणाऱ्या बाईला स्वतःचे खिसे भरायची हौस राहत नाही. पण दुसऱ्याच्या खिशात काय आहे याची हौस मात्र मला मेली सुटत नाही. तेव्हा त्या खुंट्यांवरच्या पिशव्या बघून माझे हात नुसते शिवशिवत होते.

पाण्याचा ग्लास हातात देऊन होतो न होतो तोच व्याही म्हणाले, चला, निघायचं ना. त्या घरची रीतच अशी आहे की पाहुणा आला की त्याला आधी डोंगर, चहा मागाहून. आणि डोंगरावर जाताना तिथे कुणीही स्वतःची पिशवी स्वतः भरत नाही. याची त्याने, त्याची तिने, अशी दुसऱ्याची भरायची. व्याह्यांचं म्हणणं असं की स्वतःची पिशवी भरताना माणूस नुसती आपली भीती भरतो, दुसऱ्याची भरायची म्हटली की त्याला त्या माणसाकडे नीट बघावं लागतं. (हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, आणि दोन्ही वेळा विहीणबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं, म्हणजे घरात ते बरंच जुनं असावं.) भरत असताना बघायचं नाही. वर गेल्यावर जे लागेल त्यासाठी आत हात घालायचा. हे का घातलं असं विचारायचं नाही, आणि आभार तर मुळीच मानायचे नाहीत. शिवाय पिशवीतून जे निघेल ते ज्याच्या पाठीवर ती पिशवी त्याचं, परत करायचं नाही. हा शेवटचा नियम व्याह्यांनी जरा थांबून, माझ्याकडे बघून सांगितला. मला वाटलं, बिस्किटांबद्दल असेल.

खोटं कशाला बोलू, मला ही रीत फार आवडली. दुसऱ्याबद्दल आपल्याला काय वाटतं ते तोंडाने सांगायला माणसं किती आढेवेढे घेतात, आणि इथे सगळं पाठीवर बांधून देतात. माझ्या वाट्याला खुद्द व्याही आले. ज्या माणसाला मी पंधरा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं त्याला डोंगरावर काय लागेल हे मला काय कळणार? पण त्यांची पँट मी पाहिली होती. (माझा नाइलाज आहे. लोक आधी चेहरा बघतात, मी आधी शिवण बघते.) मागची शिवण शेवटच्या घटका मोजत होती, आणि त्या घरातल्या इतक्या टॉर्चांपैकी एकाचाही उजेड तिच्यावर पडला नव्हता. तेव्हा विहीणबाईंच्या शिवणाच्या डब्यातून सुईदोरा आणि मूठभर सेफ्टी पिना घेतल्या, चार रुमाल घडी घालून ठेवले, साबणाचा एक तुकडा कागदात गुंडाळला आणि दिली पिशवी. चिरंजीवांना होणाऱ्या बायकोची पिशवी भरायची होती. ते आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेरच येईनात. विहीणबाईंनी त्यांची भरली, आणि माझी भरली मुलीने. दाराच्या फटीतून मी जरा बघायचा प्रयत्न केला, पण तिने दार पायाने लोटलं. पाय मात्र हळूच लावला, आवाज होऊ दिला नाही, हेही सांगायला हवं.

वाट सुरुवातीला साधीच होती, पण आमची मुलगी (आमचीच म्हणते आता, कोण अडवतंय) काही केल्या पुढे जाईना. जी बाई रोज मोजणीच्या यंत्राचं लोखंडी तिकाटणं खांद्यावर टाकून टेकड्या चढते ती आज दर वळणावर थांबून दम खात होती. चिरंजीव तिच्याभोवती घुटमळत होते, पिशवी घेऊ का म्हणत होते, पण आपली पिशवी आपणच न्यायची हाही एक नियम, त्यामुळे ती मान हलवायची. वर पहिल्या सपाटीवर बसलो तेव्हा तिने पिशवी उघडली आणि आतून निघालं एक आख्खं कलिंगड. दुसरं काही नाही. ना पाणी, ना टॉर्च, ना दोरी, कलिंगड. कधीतरी बोलता बोलता तिने म्हणे सांगितलं होतं की उन्हातून काम करून आल्यावर कलिंगड मिळालं तर बरं वाटतं. दादा, मला तर मान खाली घालायची वेळ आली. हाच मुलगा मी वाढवला, आणि याला एवढं कळू नये की कलिंगडाचं वजन असतं. पण ती मुलगी त्या कलिंगडाकडे बघत कितीतरी वेळ बसली, आणि मग वडिलांकडून चाकू मागून घेतला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते बघून मी म्हटलं, जाऊ दे, या दोघांचं आपल्याला कळायचं नाही. सगळ्यांनी हनुवटीवरून रस गाळत खाल्लं. माझे रुमाल तिथेच कामी आले.

पिना पुढच्या टप्प्यावर कामी आल्या. वाटेत दगडांचा एक बांध आडवा येतो. व्याह्यांनी सवयीप्रमाणे तो आधी हलवून बघितला, समाधान झाल्यावर त्यावर पाय टाकला, आणि बांध भक्कम निघाला, पँट तशी निघाली नाही. आवाज असा झाला की पुढे गेलेले चिरंजीव मागे वळले. व्याही शांतपणे खाली बसले, पिशवीत हात घातला, पिना बाहेर काढून त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि झुडपामागे गेले. परत आले तेव्हा चालण्यात जरा ताठरपणा होता, पण अब्रू शाबूत होती. नियम म्हणून त्यांनी आभार मानले नाहीत, मात्र तिथून पुढे वाटेत येणारी प्रत्येक काटेरी फांदी त्यांनी माझ्यासाठी धरून ठेवली. शितावरून भाताची परीक्षा करायची झाली तर व्याही माणूस चांगला आहे.

आता माझ्या पिशवीचं सांगते. तोवर मी आत हात घातलाच नव्हता, कारण गरज लागल्याशिवाय घालायचा नाही, आणि गरज लागावी म्हणून मी मनातून देव पाण्यात घालून बसले होते. ती लागली ओढ्यापाशी. वरून धुकं उतरलं, पुढचा माणूस दिसेना, व्याही म्हणाले, दगडावरून या, आणि मी जो दगड समजले तो दगड नव्हता. गुडघाभर पाण्यात उभी राहिले, चपला कुठल्या कुठे. (हो, चपला. डोंगरावर चपला घालून कोण जातं, असं तू म्हणशील. मी जाते.) काठावर बसून पिशवी उघडली. वरच टॉवेल. त्याखाली लोकरीचे मोजे आणि कॅनव्हासचे बूट, दोन्ही माझ्याच मापाचे. त्याखाली गुडघ्याचा पट्टा, आणि त्यावर खडूने लहानशी खूण केलेली, डावा. दादा, डाव्या गुडघ्याचं मी चिरंजीवांनासुद्धा बोललेले नाही. त्याला सांगितलं तर तो मला डोळे तपासायला बसवतो, त्याच्या मते सगळी दुखणी डोळ्यांतून येतात. मग हिला कसं कळलं? मी डोकं खाजवत बसले. ती आमच्याकडे एकदाच आली होती, तीही लाँड्रीत, उभ्या उभ्या. मी वरच्या फळीवरचा कोट काढायला स्टुलावर चढले आणि उतरले. तेवढंच. त्या उतरण्यात हिने माझा गुडघा बघितला, आणि बहुतेक पायाचं मापही घेतलं. मोजणीवाली ती, तिला टेप कशाला लागते.

त्याहून खाली आल्याच्या गोळ्या होत्या, बसायला घडीची चटई होती, शिट्टी तर असणारच, आणि एका फडक्यात गुंडाळलेली छोटी दुर्बीण होती. दुर्बीण बघून मला आधी रागच आला. म्हणजे हिने माझ्याबद्दल काय ठरवलं आहे? मी लोकांच्या घरात डोकावणारी बाई आहे? पण का घातली असं विचारायची चोरी. मग म्हटलं, आहेच तर बघूया चालते का. चालते, उत्तम चालते. धुकं सरल्यावर माथ्यावरून मी सगळं गाव बघून घेतलं. एका गच्चीवर एक बाई उघड्या छत्रीखाली आरामात पुस्तक वाचत होती आणि तिचा नवरा खाली अंगणात तिला शोधत होता; पत्र्यामागे, कोठीत, एकदा तर पिंपातसुद्धा डोकावला. वर बघायचं त्याला शेवटपर्यंत सुचलं नाही. आमची सगळी मंडळी सूर्यास्त कसा होईल याची चर्चा करत होती आणि मी तो नवरा वर बघतो की नाही याची वाट बघत होते. मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली आणि काही न बोलता दुर्बिणीसाठी हात पुढे केला. तिनेही बरंच बघितलं. आम्ही दोघी हसलो. त्या दिवसातला तो वेळ मला सगळ्यात बरा वाटला, हे तुला सांगून टाकते.

उतरताना त्यांनी दोघांचं नवं घर दाखवलं, वाटेवरच आहे. मुलीने गळ्यातल्या दोरीची किल्ली काढून उघडलं. दोन मोठ्या खोल्या, स्वयंपाकघर, आणि रस्त्याच्या बाजूला एक लहान खोली, तिला भलीमोठी खिडकी. खिडकीतून दुकानं, बस थांबा, समोरच्यांची दारं, सगळं कसं ताटात वाढल्यासारखं समोर. फळ्या भिंतीत अगदी खालच्या उंचीवर बसवलेल्या, स्टूल लागू नये अशा. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ही खोली कशाची? तर मुलगी म्हणाली, बघू, ज्यांना आवडेल त्यांची. असलं उत्तर मला आवडत नाही. अडगळीची असेल, नाहीतर पुढेमागे पाळण्याची असेल, तर तसं सरळ सांगावं. माझ्या मनात काय आलं ते मी तुलाही लिहीत नाही.

त्यांच्या घरी येऊन चहाला बसलो आणि मग मी या माणसांना जे पकडलं ते ऐक. चहा येईपर्यंत माझा हात आपोआप पिशवीच्या कप्प्यांवरून फिरत होता. ही आमच्या धंद्याची खोड, समोर कप्पा दिसला की आत बोट गेलंच पाहिजे. लोकांच्या खिशांतून मी काय काय काढलं आहे ते तुला माहीत आहे; प्रेमपत्रं काढली, अर्धी बिस्किटं काढली, एकाच्या कोटात दातांची आख्खी कवळी होती. आणि जे सापडेल ते धन्याच्या हातात, तोंडावर परत, हा आपला शिरस्ता. तर सगळ्यात आतल्या, चेन लावलेल्या कप्प्यात कोऱ्या रुमालात गुंडाळलेली एक किल्ली निघाली. नुकतीच बनवून आणलेली, कडा अजून धारदार. बघताक्षणी ओळखली, मघाशी मुलीने जी लावली तिचीच जोड, नव्या घराची. आता बघ, बाथरूममध्ये शिट्टी टांगणारी माणसं, आणि घराची किल्ली पाहुण्याच्या पिशवीत विसरतात. मला आतून असं काही बरं वाटलं म्हणून सांगू! मी सगळ्यांसमोर ती मुलीच्या हातात ठेवली आणि दुकानात म्हणते तसंच म्हटलं, चुकून आली होती हो, तुमची तुम्हाला. मोजे ठेवून घेतले, बूट ठेवून घेतले, पण दुसऱ्याच्या घराची किल्ली कोण ठेवून घेतो?

मुलगी बरं म्हणाली आणि किल्ली मुठीत धरून बसली. विहीणबाई साखर आणायला म्हणून आत गेल्या, साखर टेबलावरच होती. व्याह्यांनी उद्याच्या हवेबद्दल बोलायला सुरुवात केली आणि ते थांबेचनात. मी मनात म्हटलं, खजील झाले बिचारे, कुणाचीही शोभा झाली की माणूस हवेवर येतो. मी मोठ्या मनाने विषय वाढवला नाही. निघताना मुलीने नमस्कार केला तेव्हा तिचे डोळे जरा लाल होते, धुक्यामुळे असेल. बसमध्ये चिरंजीव चकार शब्द बोलले नाहीत आणि तेव्हापासून घरातही मूग गिळून आहेत. सकाळी पाव खातात, दुकानात जातात, संध्याकाळी पाव खातात. कलिंगडावरून मी दोन शब्द बोलले त्याचा राग असावा, नाहीतर दुसरं कारण मला दिसत नाही. तुला काही सुचत असेल तर कळव.

तर अशी माणसं आहेत. जरा विचित्र, पण मुलगा सुखात राहील. राहता राहिले मी, आणि ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुमची मागची खोली, ज्यात तू जुने पंखे ठेवले आहेस, ती लग्नानंतर मला देता येईल का ते वहिनींना विचारून ठेव. त्यांचा मूड बघून विचार, सर्दी उतरल्यावर. मी कुणाच्या अध्यातमध्यात नसते हे तुला माहीत आहेच. (वहिनींना वेगळं माहीत असेल, तर त्यांना तसं म्हणू दे.) लाँड्री मी कुणाला तरी चालवायला देईन. दिवसभर या घरात कुणाशी न बोलता राहणं मला जमणार नाही, दादा. भांडण चालेल, पण अगदी आवाजच नाही असं घर मला नको. एवढं लिहून पुरे करते. पंख्यांची धूळ मी स्वतः काढीन.

तुझी धाकटी बहीण

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, ते फोडून लिहिते आहे. मागची खोली नको. वहिनींना विचारू नकोस, आणि विचारलं असशील तर तू स्वप्नात बडबडत होतास असं सांग. आज सकाळी चिरंजीवांचा पाव हातातच राहिला आणि त्याने मला विचारलं, आई, किल्ली परत का केलीस? मी म्हटलं, चुकून आली होती ती. तो म्हणाला, त्या घरात पिशवीत चुकून काही जात नाही. दादा, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ती खिडकीची खोली माझी होती. फळ्या माझ्या गुडघ्याच्या हिशोबाने लावून घेतल्या होत्या. ती माणसं महत्त्वाचं काही तोंडाने बोलतच नाहीत, पाठीवर बांधून देतात, आणि मी ते चारचौघांत, हसत हसत, तुमचं तुम्हाला म्हणून परत केलं. ती मुलगी रोज याला विचारते आहे की माझं काय चुकलं, आणि हा गाढव तिला सांगतो आहे की आईला आपल्याकडे यायचं नसेल, तिच्या मनाविरुद्ध नको. मला विचारायचं नाही का रे, म्हटलं. तर म्हणतो, तू इतकी ठाम वाटलीस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी दुकान दुपारपर्यंत उघडलं नाही. एक सांगते, वहिनींना वाचून दाखवू नकोस: मी खूप रडले, आणि थोडं आनंदानेच रडले.

ता. क. दुसरा. आता खरं काम. तुझा दातवाला त्यांच्याच गावात आहे ना, बाजाराच्या मागे? मग दाढ दुखत असो वा नसो, या आठवड्यात दाखवून ये. जाताना इकडून जा, मी मुलीसाठी एक पिशवी भरून ठेवली आहे, ती तिच्या हातात दे. व्याह्यांच्या नाही, विहीणबाईंच्या नाही, तिच्याच. काही बोलू नकोस. तुला बोलल्याशिवाय राहवणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून सांगते, तोंडात आल्याची गोळी धरून जा. ती पिशवी उघडतेय का, आतल्या कप्प्यापर्यंत जातेय का, चेहरा कसा होतो, सगळं नीट बघून ये आणि मला सविस्तर कळव. तुझ्या जागी मुलाला पाठवावं असं मनात आलं होतं, पण तो वाटेत तिच्यासाठी दुसरं कलिंगड घेईल.

ता. क. तिसरा. पिशवीत काय आहे ते विचारशीलच, म्हणून सांगून टाकते. रुमाल नाही, साबण नाही, काही नाही. आतल्या कप्प्यात किल्ली अडकवायची एक रिंग आहे, रिकामी. दुकानदाराने विचारलं, किती किल्ल्या आहेत तुमच्या? मी म्हटलं, अजून एकही नाही.